रुमालाखालचा सौदा

सातासमुद्रापलीकडं कुठं तरी लढाई पेटली आणि आमच्या अमरावतीत कापसाला सोन्याचा भाव आला. माझे यजमान कापसाचे दलाल. मुंबईचे खरेदीदार आमच्या ओट्यावर बसत, रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत, आणि सौदा पटला की बाटली उघडली जाई. सौदे रोज पटायचे, म्हणून बाटलीही रोज. गावाला आमच्या घरी लक्ष्मी नांदताना दिसत होती. मला ह्यांचे डोळे दिसत होते, आणि ते पिवळे पडत चालले होते.

आधी जेवण सुटलं. फोडणीच्या वासानंही ह्यांना मळमळायचं, अंगाला खाज सुटायची. सासूबाईंनी कावीळ उतरवणाऱ्याला घरी बोलावलं. त्यानं ह्यांच्या हातांना कसल्याशा सालीचा रस चोळला आणि चुन्याच्या निवळीत हात धुतले. पाणी पिवळंधमक झालं. सगळं घर हरखलं, मीही देवापुढं साखर ठेवली. कावीळच उतरली, मग पथ्य कशाचं? त्याच संध्याकाळी ओट्यावर पुन्हा बाटली आली.

वाटीत थोडा रस उरला होता. दुसऱ्या दिवशी मी तो स्वतःच्या हातांना चोळला, पानाच्या डब्यातला चुना पाण्यात कालवला आणि हात बुडवले. माझंही पाणी पिवळंच झालं. मला तर कावीळ नव्हती! इतका संताप आला की वाटी अंगणात भिरकावली.

मग भांडून, रडून ह्यांना बैलांच्या दमणीत घातलं आणि अकोल्याच्या हकीमसाहेबांकडं नेलं. त्यांनी उजव्या बरगडीखाली बोटं रुतवली तसे हे कळवळले.

"जिगर, म्हंजे यकृत, कडक होऊन राह्यलं," हकीमसाहेब म्हणाले. "खाल्लेलं-पिलेलं सारं त्याच्यातूनच गाळल्या जाते. दारू अशीच चालली तं पोटात पाणी भरन, मंग माह्या हाती काई नाई. आजपासून बंद केली तं उरलं तेवढं वाचन."

ताक, मुगाचं वरण, तेलतूप बेतानं. आणि कुणाचाही झाडपाला पाजायचा नाही, तोही जिगरालाच जड जातो, असं त्यांनी बजावलं.

"सोडतो ना! सांगतलं ना तुले," हे परतीच्या वाटेवर म्हणाले. असं तोंडानं त्यांनी मला कितीदा तरी सांगितलं होतं. मात्र रुमालाखाली दिलेला शब्द त्यांनी उभ्या जन्मात मोडला नव्हता. भाव पडला तरी नाही. बाजारात ह्यांची पत होती ती तेवढ्यावरच. दमणी बडनेऱ्याजवळ आली तेव्हा मी काय करायचं ते ठरवून टाकलं होतं.

सकाळी खरेदीदार यायचा होता. त्याच्या आधी मी माजघरात ह्यांच्यासमोर बसले आणि त्यांचाच रुमाल त्यांच्या हातावर टाकला.

"येडी झाली का?"

"सौदा करून राह्यली तुमच्याशी. दारू बंद. मंजूर असन तं हात दाबा."

हे हसले, हात मात्र दिला. तो माझ्या तळव्यात थरथरत होता. ही थरथर मला ठाऊकच नव्हती. मी घाबरले, आणि घाबरल्यामुळंच आवाज चढला.

"व्यापाऱ्यांले कधी फसवलं नाई तुमी. मले फसवसान?"

त्यांचं हसू मावळलं. मग रुमालाखाली माझी बोटं दाबली गेली, अगदी हलकेच.

खरेदीदार आला. मी दाराआड उभी. रुमालाखाली हात गेले, भाव ठरला, त्यानं आपला हात काढून पेला भरला आणि पुढं केला. ह्यांची नजर पेल्यावर खिळली. ओठ ओले केले त्यांनी. मी दाराची कडी घट्ट धरून ठेवली होती.

"शेठ, सौदा पटला. आता हात बाहेर काढा की!" तो हसून म्हणाला.

"घरात एक सौदा झाला हाये माह्या," हे म्हणाले. "तो मोडत नाई."

रुमाल थरथरताना मला दारातूनही दिसत होता. पण हात त्याखालून निघाला नाही, आणि शेवटी खरेदीदारानं तो पेला स्वतःच पिऊन टाकला.