घोडी आली की दार लावायचं

लग्न होऊन मी डाळजला आले तेव्हा सासऱ्यांच्या गोठ्यात दोन गायी, एक म्हैस आणि एक घोडा होता. घोडा कशाला, असं माहेरच्यांनी विचारलं होतं. टांगा नाही, शर्यत नाही, वरातीला जात नाही. तो घोड्या भरवण्यासाठी ठेवलेला होता, एवढंच. ठेंगणा, मातकट रंगाचा, खच्ची न केलेला, अंडील. सासऱ्यांना सगळा गाव आबा म्हणायचा, मीही तेच म्हणायचे. आबा घोड्याच्या मानेवर थाप मारून सांगायचे, "भिमेकाठचं रक्त हाय हे. हितलंच."

दिवाळीनंतर मेंढरं घेऊन धनगर आमच्या शिवारातून जायचे आणि पावसाच्या तोंडाला परत यायचे. त्यांचं सगळं बिऱ्हाड घोड्यांच्या पाठीवर असायचं: भांडी, कोकरं, कोंबड्या, वरती एखादं लेकरू. एखादी घोडी माजावर आली की धनगर आधी आमच्या दारात. आबा पैसे घेत नसत. एक नारळ आणि घोड्यापुरता हरभरा.

सासूबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं, घोडी आली की बायकांनी आत जायचं आणि दार लावायचं. आम्ही दोघी चुलीपुढे बसायचो. बाहेर खुरं आपटायची, घोडा किंचाळायचा, आबा ओरडायचे. सासूबाई नेमक्या तेव्हाच भांडी घासायला काढायच्या आणि घासलेली पुन्हा घासायच्या.

पण घोड्याचं बाकी सगळं माझ्याकडे होतं. पाणी, घास, लीद काढणं. नवरा भवानीनगरला कारखान्यावर, सीझन चालू असला की आठवड्यातून एकदा घरी. पहाटेपासून धारा, शेण, भाकरी, उसातली खुरपणी, परत धारा. त्या वर्षांतलं मला सगळ्यात जास्त काय आठवत असेल तर बसावंसं वाटणं. कुठंही, पाच मिनिटं.

लग्नाला चार वर्षं झाली होती, तेव्हा आबा बांधावरून घसरून पडले आणि त्यांचा खुबा मोडला. बारामतीला ऑपरेशन झालं, आणि ओसरीवरच्या खाटेवर ते पडून राहिले. घोडा दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देईना. नवरा तोंडाला मोहरकी घालायला गेला तर त्याच्या दंडाला चावला. रोजच्या पाण्याच्या बादलीमुळं असेल, मला तेवढा काही करायचा नाही.

मग पावसाआधीचा एक उन्हाळ्यातला दिवस; नवरा कारखान्यावर. भर दुपारी एक धनगर आणि त्याची बायको तांबडी घोडी घेऊन दारात उभे राहिले. आबांना असं खाटेवर बघून तो माणूस पायरीशीच थांबला. मग म्हणाला, "आबा, दोन दिस चालतोय. ह्या भागात दुसरीकडं कुठं घोडा न्हाय."

"मला दिसतंय," आबा म्हणाले. "पर घोडा धरणार कोण? माणूस न्हाय घरात."

मी रिकामी बादली घेऊन गोठ्याच्या तोंडाशी उभी होते. त्या धनगरिणीनं माझ्याकडं बोट केलं. "ही काय माणूस न्हाय व्हय?"

आबांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. मला वाटलं, आता शिव्या बसतील. मग तसेच, भिंतीकडं बघत ते म्हणाले, "सूनबाई, मोहरकी घाल त्याला. मागच्या पायाची पिछाडी आधी सोड, मग आगाडी."

सासूबाई उठल्या, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी त्या एकट्याच आत होत्या.

घोड्याला वास लागला होता. बाहेर काढल्याबरोबर त्यानं मला चार पावलं फरफटत नेलं, दोरी तळहातातून सरकली, कातडं सोललं. खाटेवरून आबांचा आवाज येत होता. "लोंबकळू नकोस. खांद्याला खांदा लाव. त्याला घाई करू देऊ नकोस, तिला बी भ्या वाटतं." धनगर नवराबायकोनं घोडी कडुनिंबाच्या बुंध्याशी धरली होती. मी त्याला डावीकडून फिरवून आणला, एकदा मागं ओढला, मग सोडला.

झाल्यावर तो घामानं निथळत माझ्या शेजारी उभा राहिला. लाज वाटेल असं मला आधी वाटलं होतं, पण वाटली नाही. फक्त बसायचं होतं, आणि धारांची वेळ झाली होती. धनगरिणीनं माझ्या तळहातावर हळद दाबली आणि म्हणाली, "पोरी, जमलं की तुला."

सासूबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पाण्याच्या टाकीवर मी गेले की बायका गप्प व्हायच्या. एकीनं विचारलं, "तुला त्या घोड्याचं भ्या न्हाय वाटत?" मी म्हटलं, "भ्यायला येळ कुठं हाय?" ती हसली, पण मी काही विनोद केला नव्हता.

पुढं तीन वर्षं मीच धरला. आबा काठी घेऊन चालायला लागले, पण जोर राहिला नव्हता. एकदा इंदापूरकडचा एक टांगेवाला हाडं निघालेली घोडी घेऊन आला. मी म्हटलं, हिला आधी दोन महिने खाऊ घाला, मग आणा. तो आबांकडं वळून ओरडला, "बाईमाणसाचं ऐकू काय मी?" आबा म्हणाले, "ती म्हणंल ते." त्या वाक्याचा आनंद व्हायला हवा होता. मी आत गेले, कारण चुलीवरचा चहा उतू जात होता.

हळूहळू घोड्या कमी होत गेल्या. काही धनगर बिऱ्हाड टेंपोत घालून न्यायला लागले. टांगे गेले. मग आबाही गेले, ओसरीवर बसल्या बसल्या.

तेरावा झाल्यावर नवरा म्हणाला, "बारामतीचा एक वरातीवाला घोडा मागतोय. पण आधी खच्ची करायला लागंल. अंडील घोडा बँडच्या गर्दीत चालत न्हाय." मग म्हणाला, "तूच सांग. घोडा तुझा हाय."

त्या घरात मला असं पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. आबा काय म्हणाले असते ते मला ठाऊक होतं. तोवर दोन लेकरं होती, पाठ गेली होती, उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. महिन्याला एखादी घोडी यायची, पण खाणं, पाणी, लीद रोजचंच. मी म्हटलं, "नेऊ दे."

"नक्की?"

"व्हय. दमले मी."

जनावरांचे डॉक्टर आले. घोडा धरायलाही मीच होते, दुसऱ्या कुणाला तो धरू देईना. सुई लागून आडवा होईपर्यंत त्याचं नाक माझ्या पोटाशी होतं. मी डोळे मिटले नाहीत. बघायला कुणीतरी असावं, असं वाटलं.

जखम भरल्यावर टेंपो आला. घोडा मुकाट्यानं चढला. फाटा वळून टेंपो दिसेनासा झाला तेव्हा मी ओसरीवर टेकले आणि तिथंच झोपले. जागी झाले तर ऊन उतरलं होतं, आणि मी धडपडत बादली शोधायला लागले.

सासूबाई धारा काढून आल्या होत्या. त्यांनी चहाचा कप माझ्यापुढं ठेवला. म्हणाल्या, "नीज अजून जरा."

मी चहा प्याले आणि परत आडवी झाले.