चौकशी शनिवारी होती

इसाजी, भावा, मी घरातून निघालो तो रविवार तुला आठवत असेल. आईनं पहाटे उठून पोहे, गूळ, खोबरं कालवून मलिदा केला होता. एलियाहू नबीचं नाव घेऊन आपण सगळ्यांनी तो खाल्ला. मी दाराच्या चौकटीवरच्या शास्त्रवचनाच्या डबीला बोटं लावून ओठांना लावली आणि खाडीकडे चालू लागलो. बाबा मचव्यापर्यंत आले. म्हणाले एवढंच, "कुठंही जा, शनिवार सोडू नको." मला हसू आलं होतं. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून सारं गाव आपल्याला 'शनिवार तेली' म्हणतं. नावातच शनिवार, तो सुटणार कसा?

वऱ्हाडात पोचलो तेव्हा इथं कापसानं लोकांना वेड लावलं होतं. तिकडं अमेरिकेत लढाई पेटलेली, विलायतेला कापूस मिळेना, म्हणून जो तो अकोल्याला धावत होता. कापसाच्या गाठी दाबायच्या एका कारखान्यात मी सुतार मिस्त्री म्हणून लागलो. इथली भाषा आधी कानाला टोचायची. 'मला' नाही, 'मले'. 'का' नाही, 'कावून'. गाठीला गठाण म्हणायचं. वर्षभरात मीच 'मले' म्हणून राहिलो, तू ऐकलं असतंस तर पोट धरून हसला असतास.

पहिल्याच आठवड्यात मी कारभाऱ्याला ताठ मानेनं सांगितलं, शनिवारी मी हत्याराला हात लावत नाही. तो आधी हसला. पण दुसरा मिस्त्री मिळत नव्हता, कबूल झाला. काय माझी छाती फुगली होती! मी ते तुम्हांला लगेच पत्रानं कळवलंही. तुमच्या धर्मात्म्यानं आपली सुटी मिळवली. आपल्या घरी शनिवारी बैल मोकळा असायचा आणि घाण्यावरची सोनू कोळीण नुसती जेवून स्वतःच्या घरी जायची, हे मात्र त्या दिवशी माझ्या डोक्यातही आलं नाही. बाबा सांगायचे, "मिसर देशात आपण गुलाम होतो, म्हणून ही सुटी. राबणाऱ्या सगळ्यांची, परक्याचीसुद्धा." कारखान्यातल्या बाया तर साती दिवस राबत होत्या.

गाठ दाबायची म्हणजे खालच्या पेटीत रुई तुडवून भरायची आणि वरचा मोठा लाकडी स्क्रू फिरवायचा. त्याला चार आडवे दांडे. एकेका दांड्याला चार-पाच माणसं छाती लावून ढकलत गोल फिरायची. बाप्ये कमी पडले की बायांना लावत. स्क्रू उलटा फिरू नये म्हणून एक लोखंडी खिटी असते. ती झिजली होती. मी कारभाऱ्याला दाखवली, एकदा नाही, दोनदा. तो म्हणाला, हंगाम संपू द्या. मी मान डोलावली आणि माझ्या कामाला लागलो.

त्या गुरुवारी खिटी सुटली. दाबलेली रुई उसळली, स्क्रू गर्रकन उलटा फिरला आणि दांडा तो ढकलणाऱ्या गंगूच्या छातीवर बसला. ऐन पंचविशीतली बाई रे! तिची आई पलीकडे सरकी निवडत बसली होती, ती धावत आली तोवर सगळं संपलं होतं. मीच गंगूला दांड्याखालून काढलं. हाताला काही वजनच लागलं नाही.

शुक्रवारी दुपारी कारभारी स्वतः माझ्या खोलीवर आला. पहिल्यांदाच आला. बोलणं असं गोड की विचारू नको. "मिस्त्री, उद्या साहेब चौकशीले येऊन राहिला. पन उद्या तं तुमचा शनवार. आमी काई तुमचा धरम मोडत नाई. तुमी आराम करा."

आता जे लिहितो ते नीट वाच. मला हायसं वाटलं. खरं सांगायचं धाडस नव्हतं आणि खोटं बोलायची लाज वाटत होती, दोन्हींतून सुटलो. शनिवारी आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून प्रार्थनेला बसलो. आणि आठवल्या कुठल्या गोष्टी, तर बाबा सांगत त्या दोन सुइणींच्या. मिसरच्या राजानं आपल्या लोकांचे जन्मणारे मुलगे मारायला सांगितले आणि त्यांनी मारले नाहीत. बाबा म्हणायचे, "शास्त्रात त्या राजाचं नाव नाही, सुइणींची आहेत." लहानपणी आपण ती नावं घोकायचो. मी उठलो, दारापर्यंत गेलो, आणि परत येऊन बसलो. मनाला म्हटलं, शनिवार आहे. अरे, चार पावलं चालून तोंड उघडणं हे काय काम झालं? कुठल्या शास्त्रात त्याला बंदी आहे? मला सगळं ठाऊक होतं. गंगू गेली होती, पण त्याच दांड्यांना बाकीच्या जुंपलेल्या होत्या.

चौकशी तासाभरात उरकली. लिहिलं गेलं की बाई प्यायलेली होती, स्वतःच्या चुकीनं दांड्यासमोर आली. तिनं आयुष्यात दारूला हात लावला नव्हता.

रविवारी तिची आई माझ्या दाराशी आली. रडली नाही, ओरडली नाही.

"मिस्त्री, तुमी कावून नाई आले? तुमाले तं खिटीचं मालूम होतं."

"शनिवार होता," मी म्हणालो.

"तुमच्यात शनवारी काम नाई?"

"नाही."

"कोनाचंच नाई?"

ती मला वरपासून खालपर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, "मंग माह्या पोरीले दर शनवारी कावून जुंपत होते? तुमी तं पाहून राहिले होते."

ती निघून गेली. सोमवारी मी साहेबाच्या मुक्कामावर गेलो. तंबू उठले होते. मागं राहिलेल्या कारकुनाला सगळं सांगितलं, खिटीचं, दोनदा बजावल्याचं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग परवा कुठं होतात? कागद पुढं गेला होता. परत आलो तर कारभाऱ्यानं नवी खिटी काढून ठेवली होती. मीच ती बसवली. अर्ध्या दिवसाचं काम होतं.

अकोल्यात राहवेना, म्हणून अमरावतीला आलो. आता अमेरिकेतली लढाई संपली, कापसाचा भाव कोसळला, परगावची माणसं गाशा गुंडाळून चालली आहेत. तू लिहितोस, बाबा वाट बघतात, घरी ये. हे पत्र त्यांना वाचून दाखव. एक अक्षर गाळू नकोस.

मी अजून शनिवारी काम करत नाही. प्रार्थनेलाही बसवत नाही. नुसता भिंतीकडं बघत पडून असतो. पूर्वी वाटायचं, गाव सुटलं तरी शनिवार आहे तोवर आपलं घर आपल्याबरोबर आहे. ते घर मी लपायला वापरलं रे, इसाजी. आता तिथं यायचं म्हणजे बाबांच्या समोर बसून त्यांच्या तोंडून मिसरचं, सुइणींचं तेच सगळं पुन्हा ऐकायचं. ते मला रागावणार नाहीत, शेजारी बसवून जेवू घालतील, आणि तेच मला सोसणार नाही. इथं मला कुणी ओळखत नाही. म्हणून मी इथंच राहतो.