हिरामावशींच्या कोंबड्या आणि माझा ताप

आता हसायचं ते हसून घ्या, पण मध्ये थांबवू नका. एकदा थांबलो तर उरलेलं सांगायचं धाडस व्हायचं नाही. आमच्या वाघोलीच्या सोसायटीत आजही लिफ्टमध्ये मी दिसलो की लोक जिना चढतात. का? तर मी मानवजातीला वाचवायला निघालो होतो म्हणून!

जन्म माझा सदाशिव पेठेतला. फ्लॅट वाघोलीत, नोकरी हिंजवडीत, म्हणजे निम्मं आयुष्य कंपनीच्या बसमध्ये. काम सॉफ्टवेअर तपासण्याचं, दुसऱ्याच्या चुका काढायच्या. पेठेत लोक हे हौसेनं करतात, मला त्याचा पगार मिळतो.

त्या दिवसांत बर्ड फ्लूच्या बातम्या यायला लागल्या होत्या. मी बसमध्ये त्यावरचं एक व्याख्यान ऐकलं. चांगलं तासभर! पुण्यात तज्ज्ञ व्हायला एवढं पुरतं. रविवारी सोसायटीच्या बैठकीत पार्किंगचा विषय हाणून पाडला आणि उभा राहिलो.

"हे बघा, पक्ष्यांचा फ्लू माणसाला सहजासहजी होत नाही. झाला तरी माणसामाणसांत पसरणं त्याला अजून जमलेलं नाही. पण समजा, एकाच माणसाच्या अंगात आपला साधा फ्लूही आहे आणि पक्ष्यांचाही शिरला. तिथे दोघांची देवाणघेवाण झाली, की तिसराच विषाणू जन्माला येऊ शकतो. आणि तो पसरला तर?"

सगळे माझ्याकडे शून्य नजरेनं बघत होते. मग मी सोपं केलं.

"अहो, स्थळ आहे असं समजा! मुलाकडचे पक्षी, मुलीकडचे आपण. अजून भेट झाली नाही म्हणून जग सुखात आहे. कुठल्यातरी गाढवानं आपल्या घरी दोघांचे कांदेपोहे ठरवले, की संपलं!"

टाळ्या! जागच्या जागी 'पक्षी दक्षता समिती' स्थापन झाली आणि अध्यक्ष झालो मी. सगळ्यांशी हात मिळवता मिळवता मला खोकल्याची उबळ आली.

माझी बायको मेधा मागच्या खुर्चीवरून म्हणाली, "अध्यक्षांनी आधी स्वतःचं औषध घ्यावं."

बसमधल्या एसीचा खोकला होता हो! जागतिक संकटापुढे माझ्या घशाचं काय एवढं?

आता समिती म्हटली की संशयित हवा. आमच्या गच्चीवरची शेकडो कबुतरं निर्दोष सुटली, कारण त्यांना रोज ज्वारी टाकणारे काका समितीत होते. मग सगळ्यांच्या नजरा भिंतीपलीकडे गेल्या. तिथे हिरामावशींचं दोन खोल्यांचं घर, मागे खुराडं आणि सात कोंबड्या. आमची सोसायटी नव्हती तेव्हापासून मावशी तिथे आहेत. आदल्या आठवड्यापर्यंत आम्हीच भिंतीवरून हात लांब करून त्यांच्याकडची गावरान अंडी घ्यायचो आणि वर 'दोन लहान निघाली' म्हणून कुरकुरायचो.

मी भिंतीशी गेलो. "मावशी, कोंबड्या इथून हलवाव्या लागतील. साथीचा धोका आहे."

"का वो साहेब? कोंबड्या खोकत्यात व्हय?"

"अहो, कोंबड्या खोकत नसतात."

"मंग आत्ता खोकलं कोन?"

मी समितीची नोटीस भिंतीवर ठेवली आणि आलो.

तिसऱ्या दिवशी मला पुरावा सापडला. अंग कसकसत होतं, म्हणून घरूनच काम करत होतो. म्हणजे गॅलरीत दुर्बीण घेऊन बसलो होतो. एक तांबडी कोंबडी कोपऱ्यात बसलेली. पिसं फुललेली, हालचाल नाही, खाणं नाही. काल तिथेच, आज तिथेच. लक्षणं!

दुपारी मावशी बाजाराला गेल्या तसा मी फाटकातून आत शिरलो. डोक्याला प्लास्टिकची पिशवी, हातात भांडी घासायचे हातमोजे. मास्क होता, पण चष्म्यावर वाफ धरते म्हणून हनुवटीवर. खुराड्यात डोकं घालून मी व्हिडिओ घेतला. ती तांबडी अशी काही अंगावर आली की माझं मनगट सोलून निघालं. व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'रुग्ण सापडला'. आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. तरुण, चष्मा, पांढरा पोशाख, सोबत एक मदतनीस. आमच्या गॅलऱ्या भरल्या. काही जणांनी तर चहाचे कप बरोबर आणले होते. आजार निघाला असता तर साती कोंबड्या मारून पुराव्या लागल्या असत्या, हे सगळ्यांना माहीत होतं. मीच सांगितलं होतं ना!

मावशी खुराड्याच्या दाराला पाठ लावून उभ्या होत्या. "माझं मीठ-मिरची ह्यांच्यावर चालतंय, बाई. नीट बघा. उगं कुनाच्या सांगन्यावरनं मारू नका."

त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. खरं सांगतो, तेव्हा पहिल्यांदा वाटलं, पळून जावं. पण अध्यक्ष कसा पळणार?

डॉक्टरीणबाईंनी तांबडीला अलगद उचललं. खाली नऊ अंडी!

"हिला काही झालेलं नाही. खुडूक आहे."

मी पुढे होऊन गंभीरपणे विचारलं, "म्हणजे आजाराचा कितवा टप्पा?"

"अंडी उबवतेय हो ती!" बाई म्हणाल्या. "नियमाप्रमाणे नमुने घेते, पण कोंबड्या मला ठणठणीत दिसतायत. तो व्हिडिओ बघू जरा."

मी मोठ्या अभिमानानं फोन दिला. व्हिडिओ सुरू झाला. तांबडी दिसली. आणि मग आवाज. फटाक! फटाक! फटाक! खुराड्यात तोंड घालून दिलेल्या तीन सणसणीत शिंका.

"कोण शिंकतंय?"

"मी."

"ताप?"

"थोडासा. चार दिवस."

"चार दिवस घरी आहात?"

"छे! दोन दिवस ऑफिसला गेलो. डेडलाइन होती."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "मी जनावरांची डॉक्टर आहे, तुम्ही माझ्याकडे येत नाही. तरी सांगते. माणसाचा फ्लू पक्ष्यांनाही लागू शकतो. आणि या कोंबड्यांना खरंच बर्ड फ्लू असता, तर तुमच्या अंगात दोन्ही एकदम आले असते. धोका खरा आहे, साहेब. तो टाळायचा असेल, तर फ्लू झालेल्या माणसानं खुराड्यात डोकं घालायचं नसतं. हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

दुसऱ्या मजल्यावरून सेक्रेटरी कुलकर्णीकाकांचा आवाज आला, "सांगितलं होतं की! यांनीच सांगितलं होतं. कांदेपोहे यांच्याच घरी ठरलेत एवढंच सांगायचं राहिलं!"

आणि काका खोकले. त्यांच्या पाठोपाठ तिसरा मजला खोकला. मग कबुतरवाले काका. रविवारी मी ज्यांच्या ज्यांच्याशी हात मिळवले होते, ते सगळे ओळीनं.

कोंबड्यांचा अहवाल स्वच्छ आला. माझा नाही. साधाच फ्लू, पण तो अख्ख्या इमारतीला मी घरपोच दिलेला. मेधानं जेवणाचं ताट खोलीच्या दाराबाहेर ठेवायला सुरुवात केली आणि एवढंच म्हणाली, "हातमोजे परत करू नका, नवीन आणलेत."

खोलीतूनच मावशींना फोन लावला आणि माफी मागितली. त्या म्हणाल्या, "असू द्या साहेब. पिल्लं निघाली की दावीन. लांबनं."

दोन दिवसांनी समितीची बैठक माझ्याशिवाय झाली. खोलीच्या दाराखालून एक कागद आत सरकला. 'हिरामावशींच्या कोंबड्यांच्या आरोग्यास धोका असल्याने त्या धोक्याने भिंतीपासून वीस पावले दूर राहावे. ठराव एकमताने मंजूर.'

खाली अध्यक्षाची सही लागते. केली.