रेश्माच्या आईचं उघडं तोंड

हे मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही — तुला सांगतेय. ऐकून किळस आली तर येऊ दे, मला रोजच येते.

अंधेरीतल्या एका कला महाविद्यालयात मी छापचित्रं शिकवते. रेश्मा माझी विद्यार्थिनी, कोळीवाड्यातली. तिने लाकडात कोरून आपल्या आईचं चित्र छापलं होतं. अभिव्यक्तिवादी म्हणतात तसलं — काळंकुट्ट, ओबडधोबड, हात डोक्याहून मोठे, तोंड एवढं उघडं की निम्मा कागद त्यातच गेलेला. शेजारी मासळीची रिकामी पाटी. कोरतानाच ती मला म्हणाली होती, "बर्फात घालून घालून तिचे हात सुजतात ना, मॅडम. पण इथे ती हसतेय हां! पाटी रिकामी झाली की अशीच हसते, आख्ख्या बाजाराला ऐकू जातं."

म्हणजे मला ठाऊक होतं. अजाणता झालं असं म्हणायची सोयच नाही.

प्रदर्शनाला एक बडे समीक्षक आले, नेमके त्याच चित्रापाशी थांबले. आणि मी — मी सुरू झाले. उघडं तोंड म्हणजे भूक. सुजलेले हात म्हणजे शोषण. रिकामी पाटी म्हणजे रितं पोट. का? हसणाऱ्या कोळणीवर कितीसं बोलणार? भुकेवर तासभर बोलता येतं, आणि बोलणारी विद्वान ठरते. पाहुणे मान डोलवत होते, तशी मी चेकाळत गेले.

मागे रेश्माची आई उभी होती. ठेवणीतलं लुगडं, अंगावर सोनं, केसांत अबोलीची वेणी — लेकीचं चित्र बघायला नटून आलेली. तिने सगळं ऐकलं होतं. हळूच विचारलं, "बाई, मी उपाशी दिसते?"

रेश्मा माझ्याकडे बघत होती. 'नाही हो, तुम्ही हसताय' — एवढंच म्हणायचं होतं ना? पण पाहुण्यांसमोर माझं हसं झालं असतं. मी म्हटलं, "चित्र कळायला अभ्यास लागतो, मावशी."

पाहुणे हसले. ती तोंडाला पदर लावून निघून गेली. चित्राला बक्षीस मिळालं. रेश्मा ते घ्यायला आली नाही, पुढे वर्गातही आली नाही. मी एक फोनसुद्धा केला नाही.

ते चित्र अजून माझ्या वर्गात टांगलेलं आहे. दरवर्षी नव्या मुलांना मी तोच अर्थ सांगते — आता तर न अडखळता. परवा एका मुलीने विचारलं, ही बाई हसत असेल का?

मी म्हटलं, नाही.