हेमाताईंचे गार हात

हेमाताई बाळाला हात लावण्याआधी कोपरापर्यंत हात धुवायच्या, पुसायच्या आणि मग शेकोटीवर धरावेत तसे दोन्ही तळवे बाळाच्या पाळण्यावरच्या वॉर्मरच्या उबेखाली धरून उभ्या राहायच्या. मागे नर्सेसची धावपळ चाललेली असायची, मॉनिटर वाजायचे, या हलायच्या नाहीत. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाई कामचुकार आहे.

पनवेलमधल्या एका खाजगी रुग्णालयात, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात त्या फिजिओथेरपिस्ट होत्या. माझी मुलगी दोन महिने आधी जन्मली, सव्वा किलोची. श्वासाचं मशीन निघालं तेव्हा मला वाटलं, सुटलो. मग डॉक्टरांनी सांगितलं की तिला दूध ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं एकत्र जमत नाही. ते जमेपर्यंत नळीनंच दूध. घाई केली तर दूध फुफ्फुसात उतरू शकतं. आईच्या दुधाला घाबरायचं असतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

हेमाताई उरणकडच्या, मासेमारी करणाऱ्या घरातल्या. डॉक्टरांशी इंग्रजीत बोलायच्या. बाळांशी आणि आयांशी घरच्या भाषेत. आल्या की मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या गाऊनच्या खिशात टाकायच्या. "तुमी ठेवा. मला ते बघायचं नाय." नळीतून दूध उतरत असताना त्या हातमोजा घालून मुलीच्या गालांवरून, ओठांवरून बोट फिरवायच्या, हनुवटीला खालून आधार द्यायच्या आणि करंगळी तिच्या जिभेवर ठेवून वाट पाहायच्या. "पोट भरतं तवा तोंडात कायतरी असतं, येवढं तिला कळू दे." कधी मुलगी चोखायची, कधी झोपून जायची. झोपली की त्यांचं काम बंद. उठवून बघू या का, असं मी एकदा विचारलं. "ताई, ओहोटीला होडी ढकलून काय मिळतं? चिखल."

मी तेव्हा कळंबोलीत एका ट्रान्सपोर्ट कंपनीत होते. लोखंड भरलं, कागद झाले, की गाडी गेटाबाहेर पडली पाहिजे, हे माझं काम. थांबलेली गाडी मला बघवायची नाही. इथे दिवसभर मी थांबलेल्या गाडीशेजारी बसून होते.

तीन आठवड्यांनी मुलगी करंगळी नीट चोखायला लागली. थोडं थोडं तोंडानं पाजू या, असं डॉक्टर म्हणाले. सासूबाईंनी लगेच घरातलं चांदीचं बोंडलं आणलं. माझा नवरा त्याच बोंडल्यानं दूध प्यायला होता.

"याच्यावरच वाढलाय तो," सासूबाई म्हणाल्या.

"तुमचा मुलगा तीन किलोचा असेल, आजी. ही दीडची हाय," हेमाताई म्हणाल्या. "चांदी बघून कोण गिळायला शिकत नाय. पण आणलंय तर उकळून आणा."

त्यांनी मला शिकवलं. मुलीला कुशीवर, डोकं उंच धरून घ्यायचं. बोंडल्याची चोच खालच्या ओठाला टेकवायची. ओतायचं नाही, तिनं जिभेनं घ्यायचं. तीनचार घोट झाले की बोंडलं खाली. आणि सारखं तोंडाकडे बघायचं. भुवया वर गेल्या, नाकपुड्या फुगल्या, बोटं ताणून पसरली, की थांबायचं. "ती बोलतेय. तुमी ऐका."

माझं लक्ष मात्र तक्त्यावर असायचं. किती मिली तोंडानं, किती नळीनं, ते नर्स त्यात लिहायची. सलग दोन दिवस सगळं दूध तोंडानं गेलं तर घरी सोडणार होते. नळी कमी होत होत सगळं दूध तोंडानं जाऊ लागलं, त्याला दीड दिवस झाला होता. दुपारच्या पाजण्याला वीस मिलीतले सोळा गेले आणि मुलगी सुस्तावली. हेमाताई पलीकडच्या बाळाकडे होत्या. उरलेले चार नळीनं गेले असते तर दोन दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. चार मिली म्हणजे चमचाभरही नाही. मी बोंडलं कलतं केलं.

तिच्या भुवया वर गेल्या. बोटं पसरली. मला हे दिसलं. दिसूनही मी बोंडलं आणखी कलतं केलं.

ती खोकली नाही. इतकी लहान बाळं बहुधा खोकत नाहीत, गप्प होतात. ओठांभोवती आधी पांढरं झालं, मग पाटीसारखं करडं. मी हाक मारली की नाही, आठवत नाही. हेमाताईंनी तिला माझ्या हातांतून उचललं, तळहातावर पालथी घेतली, दुसऱ्या हातानं पाठ चोळायला लागल्या. नर्सनं सक्शनची नळी आणली, ऑक्सिजन लावला. हेमाताईंचं घड्याळ माझ्या खिशात होतं, पण किती वेळ गेला ते मला आजही सांगता येणार नाही. मग मांजराच्या पिल्लासारखा एक आवाज आला आणि तिचा रंग परतला.

डॉक्टर मला जे बोलायचं ते बोलले. छातीचा एक्सरे झाला, तोंडानं दूध बंद झालं. संध्याकाळी घरी निघताना हेमाताईंनी माझ्या खिशातून घड्याळ मागून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, तुमी तिला पाजत नव्हता. भांडं रिकामं करत होता."

एक्सरे चांगला आला. तीन दिवसांनी पुन्हा सुरू करायचं ठरलं, तेव्हा मी सरळ सांगितलं, तुम्हीच पाजा, मी हात लावणार नाही.

"आणि घरी? मी येनार हाय का रोज आठ येळा पाजायला?"

"माझे हात बघा," मी म्हटलं. ते बर्फासारखे गार होते.

हेमाताईंनी आपले नुकतेच धुतलेले हात माझ्या हातांवर ठेवले. तेही तितकेच गार. "तुमाला काय वाटलं, मी एसीमुळे शेकत बसते? नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या हातात एक बाळ असंच निळं झालेलं. वाचलं. पण तवापासून दर बाळाला हात गार पडतात. मग ऊब येईपर्यंत थांबते. भीती डोळ्यांत ठेवायची ताई, हातात नाय."

त्यांनी मला वॉर्मरखाली हात धरायला लावले. आम्ही दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिलो. मग मी मुलीला घेतलं. त्या बोंडल्याला शिवल्या नाहीत, माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. अकरा मिली गेले आणि तिची बोटं पसरली. मी थांबले. "ऐकलंत," त्या म्हणाल्या. पुढे आठ दिवसांनी आम्ही घरी गेलो.

मुलगी सात वर्षांची झाली तेव्हा तिला भेटवायला घेऊन गेले. हेमाताईंच्या केसांत पांढरं आलं होतं. त्यांनी तिला बिस्किट दिलं आणि ती खात असताना तिच्या नाकपुड्यांकडे बघत राहिल्या. "गिळते चांगली," म्हणाल्या. तेवढ्यात आतून बोलावणं आलं. त्यांनी घड्याळ काढून मुलीच्या हातात दिलं. "धर गो बाय. बाहेर जाताना सिस्टरकडे दे." तीच आमची शेवटची भेट. पुढे मी विचारलं तेव्हा कळलं, त्या नोकरी सोडून गावी गेल्या.

त्या भेटीच्या दिवशी, त्या आत गेल्यावर आम्ही काचेतून पाहत होतो. हेमाताई हात धुऊन वॉर्मरखाली धरून उभ्या होत्या. आत कुणाचं तरी मुठीएवढं बाळ होतं.

"त्यांना थंडी वाजतेय का?" मुलीनं विचारलं.

"नाही. घाबरल्यात."

"मग आत कशाला गेल्या?"

मी तिला पाण्याची बाटली दिली. ती घटाघटा प्यायला लागली, आणि मी तिच्या भुवयांकडे बघत राहिले.