पातळ प्रसाद

ऑपरेशन ठरलं त्या दिवशी मी देवघरात अक्कलकोटच्या स्वामींसमोर उभी राहायला कचरत होते. सोलापुरातल्या एका शाळेत मी मराठी शिकवते. वजन एकशे अठरा किलो, गुडघे गेलेले, साखर वाढलेली. जठराचा मोठा भाग काढून टाकणं हाच आता उपाय, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मनात मात्र सारखं यायचं, देवानं दिलेलं पोट कापून घ्यायची वेळ आली, म्हणजे आपली भक्ती कमी पडली की काय?

तपासण्या सुरू झाल्या. रक्त, सोनोग्राफी, दुर्बिणीतून जठराची पाहणी, झोपेत श्वास अडकतो का तेही पाहिलं. समुपदेशक बाईंनी विचारलं, "तुम्हाला हे कशासाठी करायचंय?" मी चांगली उत्तरं तयार ठेवली होती. तोंडून निघालं वेगळंच. "स्वामींसमोर जमिनीवर मांडी घालून बसायचंय. सात वर्षं मी खुर्चीवरून जप करतेय." एवढं बोलले आणि रडूच कोसळलं.

ऑपरेशनआधी दोन आठवडे फक्त पातळ आहार होता. यकृतातली चरबी उतरली नाही तर शस्त्रक्रिया धोक्याची, हे आहारतज्ज्ञ मॅडमनी बजावलं होतं. पाचव्या दिवशी घरात कोणी नसताना मी कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली, ओट्याशी उभ्यानंच खाल्ली. सहाव्या दिवशीही तेच, सातव्याही. वहीत मात्र ताक, सूप, वरणाचं पाणी असं लिहीत गेले. आमचे हे कौतुकानं म्हणायचे, "किती निश्चयाची आहेस गं!" मला मान वर करवत नसे.

त्या गुरुवारी आम्ही अक्कलकोटला गेलो. दर्शनाला हात जोडले, पण मागायला शब्द सुचेना. प्रसादाच्या वेळी हे पंगतीत बसले, मी ताट घेऊन कडेच्या बाकावर. गरम भात वाढत वाढत माझ्यापर्यंत आला आणि मी ताटावरून उठले. वाढणाऱ्या एका वयस्कर बाईंनी हटकलं. बोलण्याला कानडी वळण होतं.

"का उटला अक्का? प्रसाद हाय की."

"डॉक्टरांनी पातळच घ्यायला सांगितलंय. पोटाचं ऑपरेशन आहे."

"मग पातळ देते की. बसा."

त्यांनी वाटीत वरणाचं वरचं पाणी काढून दिलं आणि माझ्याशेजारी टेकल्या. मी काही विचारलं नव्हतं. त्या आपणहून म्हणाल्या, "मला साखर हाय. चोरून खात हुते, डॉक्टरला न्हाय म्हनून सांगत हुते. ह्ये बगा." डाव्या पायाची दोन बोटं नव्हती. त्या हसल्या. "देवाला सांगावं लागत न्हाय, त्याला समदं कळतंय. डॉक्टरला मातर सांगावं लागतंय अक्का."

कुणीतरी हाक मारली, तशा त्या उठून पुढच्या पंगतीला वाढायला गेल्या. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं.

परतीच्या वाटेवर मी ह्यांना सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी आहारतज्ज्ञ मॅडमपुढे वही ठेवून म्हटलं, "यातलं बरंचसं खोटं आहे." वाटलं, आता बोलणी बसणार. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. नव्यानं सुरू करू." तारीख पंधरा दिवस पुढे गेली. त्या पंधरा दिवसांत भुकेनं जीव कासावीस व्हायचा, तेव्हा मी ह्यांना हाक मारून सांगायची, "आत्ता खावंसं वाटतंय." तेही शेजारी येऊन बसायचे. नंतर सर्जन म्हणाले, यकृत चांगलं आकसलं होतं म्हणून काम सोपं गेलं.

ऑपरेशनला नेताना मी बरं करा असं मागितलं नाही. एवढंच म्हटलं, स्वामी, आता माझं लपवलेलं काही उरलं नाही, पुढचं तुम्ही बघा. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं, आणि तेव्हा तर वजन फारसं उतरलंही नव्हतं.

त्या बाई कोण होत्या, हे मी शोधत बसत नाही. पोटाची भूक आता चार घासांत भागते. स्वामींच्या दर्शनाची ओढ मात्र तशीच आहे, आणि ती कधी भागू नये असंच वाटतं.