उलट्या गाडीचे दिवस

ज्या माणसाने निम्मी नोकरी गाडी उलटी चालवण्यात घालवली, त्याच्याकडे किस्से साठणारच. मी ते सांगायचे नाहीत असं ठरवतो, पण जुनी मंडळी भेटली आणि चहा आला की एकेक सुटतो. माझे किस्से ऐकून लोक हसतात. मला मात्र ते सांगताना अजूनही पोटात जळतं, कारण प्रत्येक किश्श्यात कुठून तरी भूपाल येतोच.

उलटी गाडी म्हणजे काय ते आधी सांगतो. पाऊस संपला की आमच्या निपाणी-बेळगाव भागात रस्त्यांच्या डांबरीकरणाचा हंगाम सुरू व्हायचा आणि पूर्ण थंडीभर चालायचा. गरम डांबर पसरलं की लगेच त्यावर बारीक खडी पडली पाहिजे. खडीची ट्रक सरळ नेली तर चाकं डांबरात जाणार. म्हणून गाडी रिव्हर्समध्ये घ्यायची. मागं हौद्यात बायका उभ्या राहून बुट्टीनं खडी फेकणार, आणि चाक पडणार ते त्याच खडीवर. ड्रायव्हरची मान दिवसभर मागं. आमच्या तुकडीत अशा दोन ट्रका होत्या. एक माझी, एक भूपालची.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. एके दिवशी मुकादम म्हणाला, "दत्तोबा, नवा टिपर यायलाय. हौदा आपसूक उचलतोय म्हणं. दोघांतल्या एकाला मिळंल." मी त्याच संध्याकाळी घरी शांताला, म्हणजे बायकोला, सांगून टाकलं की टिपर मलाच मिळणार. नंतर मला कळलं की हे सांगायची घाई झाली.

*

भूपाल चिकोडीकडचा. घरची शेती, बोलणं गोड, कानडी-मराठी दोन्ही सारखंच सफाईदार. पण मला त्याचं काय खुपायचं, तर शर्ट. पांढरा, इस्त्रीचा. डांबराचा धूर, खडीची धूळ, सगळ्यांची तोंडं काळी, आणि हा संध्याकाळी जसा आला तसाच परत जायचा. शांतानं एकदा त्याला स्टँडवर पाहिलं आणि घरी येऊन म्हणाली, "भूपाल भावजी ड्रायवर वाटतच न्हाईत." मी ड्रायव्हर वाटतो की नाही, हे तिनं सांगितलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात मीही पांढरी पँट आणि पांढरा शर्ट घालून कामावर गेलो. दुपारपर्यंत एक डाग पडू दिला नाही. चहाच्या वेळी सगळे उभे होते, मी तेवढा ऐटीत एका पिंपावर बसलो. ते डांबराचं पिंप होतं आणि त्याच्या झाकणावरचं डांबर उन्हानं मऊ झालेलं होतं.

सोनाक्का म्हणून आमच्या बायकांच्या टोळीची प्रमुख होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "उठू नगासा अण्णा. आदी कुणाचं तर धोतर घिऊन येतो." दुसऱ्या दिवसापासून मी परत खाकीत.

*

मग मी ठरवलं, कपडे जाऊ देत, साहेबाला खूश करायचं. आमचा साहेब म्हैसूरकडचा, नवीन, अबोल. दुपारी तो झाडाखाली एकटाच बसून डबा खायचा, आणि त्याच्याशी कानडीत बोलायला भूपाल हजर. मला कानडी येतं, पण बाजारापुरतं. भूपालचं कानडी ऐकलं की साहेब चक्क हसायचा. मी दुरून बघत भाकरी खायचो.

शांताला सांगून एक दिवस कोंबडीचा झणझणीत रस्सा करून घेतला. मोठा चार पुडांचा डबा. झाडाखाली नेऊन साहेबासमोर उघडला. साहेबानं वास घेतला, रुमाल नाकाला लावला आणि उठून पलीकडच्या झाडाखाली गेला. साहेब शुद्ध शाकाहारी. भूपाल तर जैन. दोघांनी तिकडं बसून वांग्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी वाटून खाल्ली. त्या दिवशी त्यांची दोस्ती पक्की झाली, ती माझ्या रश्शामुळं.

रस्सा सोनाक्काच्या टोळीनं संपवला. डबा धुऊन परत देताना ती म्हणाली, "सायबाला रोज असाच डबा आणत जावा अण्णा."

*

उलट्या गाडीची सवय अंगात कशी मुरते याचा एक किस्सा बेळगावातल्या शहापूरचा आहे. माझ्या मेहुण्याचं लग्न. वरातीची जीप चालवायचा मान माझा. पुढं बँड, मध्ये पाहुणे, मागं फुलांनी सजवलेली जीप, आत नवरा-नवरी. शहापुरातल्या गल्ल्या अरुंद. ऐन मध्यावर समोरून हातमागाच्या सुताची गाडी आली आणि अडकली. ती मागं सरकेना आणि आम्हाला पुढं जाता येईना.

सासरे म्हणाले, "जरा मागं घ्या, दुसऱ्या गल्लीनं जाऊया."

मागं घ्या म्हटल्यावर माझ्या अंगात वारं आलं. एवढ्या पाहुण्यांसमोर माझ्या हातातली कला दाखवायची अशी संधी परत कधी येणार? मान वळवली आणि जीप अशी काढली की एका ओट्याला धक्का नाही, एका सायकलीला ओरखडा नाही. गल्ली संपली, दुसरी गल्ली लागली, तीही उलटीच पार केली. देवळासमोर नेऊन गाडी उभी केली आणि मोठ्या अभिमानानं पुढं बघितलं. बँड नव्हता, पाहुणे नव्हते, सासरेही नव्हते. नवरी रडायला लागली होती.

बऱ्याच वेळानं बँडवाले धापा टाकत आले. घरी गेल्यावर शांता एवढंच म्हणाली, "भूपाल भावजी असते तर बँडबरोबर आले असते."

*

आता असं वाटेल की भूपालच्या हातून कधी चूकच होत नव्हती. होत होती. पण त्याच्या चुकांचंही नशीब वेगळं होतं.

पौषातलं धुकं. तवंदी घाटाच्या वर काम चाललेलं. सकाळी भूपाल निपाणीकडून खडी भरून निघाला, पण मागच्या फाळक्याची खिट्टी नीट बसवायला विसरला. खडी वाटभर सांडत आली. धुक्यात त्याला काही दिसलं नाही. घाटावर येऊन फाळका उघडतो तर हौद्यात झाडायलासुद्धा खडी नाही. खरं सांगतो, वर्षभरात मला एवढा आनंद झाला नव्हता. मी मुकादमाला दोनदा विचारलं, "सायबाला कळीवलं का?"

साहेबाला कळलं. पण त्याआधी तंबाखूच्या वखारीकडचे लोक येऊन पोचले. वखारीसमोर बारा महिने चिखल असायचा, बैलगाड्या रुतायच्या, अर्ज करून करून लोक थकले होते. भूपालची निम्मी खडी नेमकी तिथं, त्याच वळणावर सांडली होती. लोकांनी नारळ आणला, टॉवेल आणला, साहेबालाही हार घातला. साहेब आधी गोंधळला, मग हार घालून घेतला.

माझी खडी सांडली असती तर मेमो मिळाला असता. भूपालनं मला त्या नारळातलं खोबरं आणून दिलं. मी ते खाल्लं नाही, गाडीच्या टपावर कावळ्यांना ठेवलं.

*

शेवटी टिपर आला. पिवळाधमक. सीटवर अजून कागद चिकटलेला. साहेबानं तो घाटाच्या पायथ्याशी उभा करायला लावला आणि म्हणाला, आज दोघंही घाटातल्या मोठ्या वळणावर खडी टाका, मी बघतो, मग ठरवतो.

वळण चढाचं. चढावर, वळणात, उलटी गाडी, खाली ताजं डांबर. आधी भूपाल गेला. चांगला चालला होता, पण वळण संपता संपता मागचं डावं चाक खडीच्या बाहेर उतरलं आणि डांबराचा एक पट्टा चाकाला चिकटून वर आला. त्यानं गाडी तिथंच थांबवली. पांढऱ्या शर्टानं घाम पुसला. त्या शर्टाची ती हालत मी डोळे भरून बघितली.

मग मी. माझ्या ट्रकचा हँडब्रेक नुसता नावाला होता. गिअर हातानं धरून ठेवावा लागायचा, स्टेअरिंग निम्मं फिरवलं तरी चाक जागचं हलायचं नाही. सोनाक्का चाकाला लावायचा दगड घेऊन बाजूनं चालत होती. मी श्वाससुद्धा जपून घेत होतो. वळण आलं, वळण गेलं, आणि सगळी खडी एकसारखी, जणू चाळणीनं चाळून टाकलेली. चाकाला डांबराचा ठिपका नाही. बायकांनी हौद्यातून बुट्ट्या वाजवल्या. मी खाली उतरलो. मला वाटलं, आता किल्ली घ्यायला हात पुढं करावा.

साहेब चालत आला, खडीवरून पाय फिरवला, माझ्या ट्रकला एक प्रदक्षिणा घातली आणि मुकादमाला मोडक्या मराठीत म्हणाला, "नवा गाडी भूपालला द्या. नवा गाडी कोणीपण चालवेल. हे जुना गाडी मात्र दत्तोबाशिवाय कोणाच्या हातात राहत नाही."

भूपाल टिपर घेऊन गेला. मी संध्याकाळी घरी जाऊन भिंतीकडं तोंड करून पडलो. शांतानं ताट वाढलं, मी नको म्हटलं. तिनं टिपरचं विचारलं, मी तेही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकली.

त्या दुपारी शांता निपाणीच्या बाजारातून आली. पिशवी ठेवली आणि म्हणाली, "भूपाल भावजींची बायकू भेटलीती. बिचारी लई काळजीत हाय."

"का? नवी गाडी मिळाली की त्याला," मी भिंतीकडंच तोंड करून म्हणालो.

"त्येच म्हणाली. पर काल आल्यापास्नं त्येनी जेवलं न्हाईत म्हणं. कुणाशी बोलंनात. रातभर एकच बोलायलेत, 'नवी गाडी कोनबी चालीवतंय.' सायेब असं का म्हणाला, त्ये तिला काय कळंना. तुमाला काय ठावं हाय का?"

मी उठून बसलो. चूळ भरली, पाट ओढला.

"सांगतो," मी म्हणालो. "आदी जेवाय वाढ."